कोटवाल्या थोरल्यांविरुद्ध तक्रार

बुरुलची पहिली तक्रार कारखान्याच्या युनियन समितीनं परत पाठवली. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची त्याचं नाव जिथे लिहायचं, तिथे तिनं लिहिलं होतं, ‘आमचे कोटवाले थोरले’.

समितीचा अध्यक्ष जापार. त्यानं तो कागद उरलेल्या दोघा सभासदांना वाचून दाखवला आणि तिघंही पोट धरून हसले. मग बुरुलला आत बोलावून त्यानं गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की या नावाचा माणूस आपल्या कारखान्यात नोकरीला नाही.

"कोट तर हिवाळ्यात सगळेच घालतात, वहिनी. मी कुणाकुणाला बोलावू?"

जापार काही परमुलखातला नव्हता. त्याच नदीच्या काठी वाढलेला, त्याच चुलीवरची रोटी खाल्लेला. त्याची स्वतःची बायको त्याच्या मोठ्या भावाला ‘चष्मेवाले’ म्हणायची, आणि त्या भावाचा चष्मा फुटून कितीतरी वर्षं झाली तरी म्हणायची. घरात आलेली सून नवऱ्याच्या थोरल्या भावांची, सासऱ्याची, चुलतसासऱ्यांची नावं घेत नाही. तोंडानं नाही आणि लिहूनही नाही. आल्या आल्या ती प्रत्येकाला आपलं असं एक नाव देते, आणि ते नाव चांगलं जमलं तर गल्लीभर तिचं कौतुक होतं. हे जापारला पुरतं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणूनच तो हसला.

बुरुलनं दिलेलं नाव तर फारच चांगलं जमलेलं. लग्न करून ती आली ती शरद ऋतूत, ट्रकच्या मागच्या फळीवर बसून. उतारावर नदीच्या पाण्यात ट्रक अडकला. वारा असा की पापणीतलं पाणी गोठावं. तेवढ्यात पलीकडून घोड्यावर एक जण आला, नवऱ्याचा थोरला भाऊ. त्यानं आपला मेंढीच्या कातड्याचा कोट उतरवला, नव्या नवरीच्या तोंडाकडे न बघता तिच्या खांद्यावर टाकला, तिला घोड्यावर बसवलं आणि स्वतः नुसत्या सदऱ्यावर लगाम धरून पाण्यातून चालत निघाला. दुसऱ्या दिवशी चहा देताना नवरीनं विचारलं, ‘कोटवाल्या थोरल्यांना साय घालू का?’ सासूबाईंनी ते गल्लीत दहा घरी जाऊन सांगितलं. थोरल्यांनाही ते आवडलं होतं. जेवणावळींत दोन घोट पोटात गेले की ते म्हणत, आमच्या धाकटीनं मला फार शोभेल असं नाव दिलं.

तो कोट पुढे बुरुलच्याच घरी राहिला, दाराजवळच्या खुंटीला. कडाक्याच्या थंडीत कोकरू जन्मलं की त्यात गुंडाळून चुलीपाशी ठेवायचं.

आणि आता त्याच थोरल्यांविरुद्ध ती तक्रार करायला निघाली होती.

कारखाना लोकरीचा. डोंगरावरच्या कुरणांतून गाठोडी यायची, इथे लोकर धुतली जायची, पिंजली जायची, तिचं सूत व्हायचं. पिंजण विभागात सगळ्या बायका, आणि विभागाचे प्रमुख थोरले. तोफखान्यात नोकरी केलेले होते, त्यामुळे सकाळी भोंगा वाजला की बायकांना भिंतीशी रांगेत उभं करून हजेरी घ्यायचे. आधी आडनाव, मग नाव. ज्या बाईचं नाव येईल तिनं ताठ उभं राहून म्हणायचं, ‘हजर.’ एखादी पुटपुटली तर पुन्हा म्हणायला लावायचे. बायका आपापसांत म्हणायच्या, यांना आमची नावं रोज तोंडात घोळवायला मिळतात, आम्हाला मात्र यांचं एकसुद्धा नाही.

गंमत अशी, की त्या विभागातल्या जवळजवळ सगळ्या बायका थोरल्यांच्याच कुळात दिलेल्या. कुणाचे ते थोरले दीर, कुणाचे चुलतदीर, दोघीतिघींचे तर मानानं सासरेच. त्यामुळे या विभागाच्या प्रमुखाविरुद्ध आजवर कधी एकही तक्रार गेली नव्हती. फाटकाशी लाल रंगाचा फलक होता, त्यावर पांढऱ्या अक्षरांत ते अभिमानानं लिहिलेलं: ‘या विभागात तक्रार नाही.’ कारखाना बघायला येणारे पाहुणे त्या फलकाजवळ उभे राहून फोटो काढत.

त्या वर्षी राजधानीहून, फ्रुंझेहून, तपासणी आली आणि सूत कमी भरलं. खरं सांगायचं तर मूठभर सूत प्रत्येकीच्या घरी गेलेलं असायचं, पोरांच्या मोज्यांपुरतं. त्याला कुणी चोरी म्हणत नव्हतं, थोरलेही नाहीत. त्यांच्या पायांतले मोजे कुठल्या सुताचे होते ते त्यांच्या बायकोला विचारावं. पण मोठा माल गोदामातूनच कुठेतरी गेला होता, आणि गोदामाला हात लावायची कुणाची छाती नव्हती. तेव्हा हुकूम निघाला, की संध्याकाळी फाटकातून बाहेर पडताना बायकांची झडती होईल. पहिले काही दिवस पिशव्या बघितल्या. मग खिसे. मग थोरल्यांच्या मनात आलं, की डोक्याच्या रुमालात गुंडाळून नेत असतील.

पांढरा रुमाल लग्नाच्या दिवशी सासू बांधते. तो नवऱ्याच्या थोरल्या माणसांपुढे कधी उतरत नाही. बाळंतपणातसुद्धा बाई आधी रुमाल सावरते आणि मग ओरडते.

त्या संध्याकाळी थोरले स्वतः फाटकाशी उभे होते. पहारेकरी एकेकीला म्हणायचा, रुमाल सोडा. बायकांनी आधी हसण्यावारी नेलं, मग एकमेकींमागे लपल्या, मग रांगेतली सगळ्यांत तरुण सून रडायला लागली आणि तिनं दोन्ही हातांनी डोकं धरलं. तिच्यामागे बुरुल होती. पहारेकऱ्यानं बुरुलकडे बघितलं, मग थोरल्यांकडे. घरचीच सून, हिला सोडायची की काय, असं त्याच्या डोळ्यांत होतं. त्याला बिचाऱ्यालाही लाज वाटत होती.

थोरले बुरुलशी बोलले नाहीत. ते तिच्याशी थेट कधी बोलतच नसत, रीतच तशी. त्यांनी पहारेकऱ्याला सांगितलं, "हिचाही सोडा. घरची म्हणून वगळली असं उद्या कुणी म्हणायला नको."

पहारेकऱ्यानं गाठीला हात घातला. रुमाल खाली चिखलात पडला. त्यात सूत नव्हतं. बुरुलच्या केसांत तेव्हा नुकते पांढरे दिसायला लागले होते आणि ते नवऱ्यानंसुद्धा दिवसाउजेडी पाहिले नव्हते. ती भर रस्त्यावर बोडक्या डोक्यानं उभी, समोर थोरले दीर, मागे सगळा विभाग. थोरले आभाळाकडे बघत होते. पूर्वी कोट देताना त्यांनी असंच तोंड फिरवलं होतं.

तिनं रुमाल उचलला, झटकला, चिखलासकट बांधला आणि घरी गेली. सकाळी कामावर जाताना तिचं ठरलेलं होतं. ही झडती बंद झाली पाहिजे, आणि ती कुणाच्या दयेनं नको, समितीच्या हुकमानं बंद झाली पाहिजे.

युनियनचे नियम जेवणघराच्या भिंतीवर लावलेले असत. ते कुणी वाचत नसे. त्यांच्यावर माश्या बसत. एम्मानं ते वाचलेले होते. एम्मा यंत्रं दुरुस्त करायची. लढाईच्या काळात ज्या जर्मन लोकांना घरांतून उचलून इकडे आणून टाकलं, त्यांच्यातल्या एका बाईची ही मुलगी. पिंजण विभागात कुळाबाहेरची तेवढी एकच. तिनं ऑइलनं माखलेलं बोट त्या कागदावर ठेवलं आणि बुरुलला वाचून दाखवलं, कशाकशासाठी तक्रार करता येते. पगारासाठी, धोक्याच्या यंत्रासाठी, कारण नसताना पाळी बदलली तर. आणि शेवटी, वरिष्ठानं कामगाराचा अपमान केला तर.

"अपमानसुद्धा?" बुरुलनं विचारलं.

"अपमानसुद्धा. छापलेलं आहे. माझ्या आईच्या वेळी असला कागद कुठे होता? असता तर तिनं भिंत भरून तक्रारी लिहिल्या असत्या."

म्हणून ती पहिली तक्रार. ती परत आल्यावर एम्मा म्हणाली, आण इकडे, मी घालते त्याचं नाव. आणि तिनं घातलंही, ठळक अक्षरांत. तो कागद घेऊन बुरुल पुन्हा जापारकडे गेली. जापारनं चष्मा वर केला, कागद खिडकीकडे धरला आणि म्हणाला, की नावाचं अक्षर वेगळं दिसतंय. असं चालायचं नाही. तक्रारदाराचा छळ कुणी आणि कसा केला हे तक्रारदारानंच सांगायचं असतं, नाहीतर उद्या कुणीही कुणाच्याही नावानं कागद पाठवील.

"मग पद लिहिते," बुरुल म्हणाली. "विभागप्रमुख."

"तक्रार पदावर होत नाही, वहिनी, माणसावर होते. समिती बसेल तेव्हा या. सगळ्यांसमोर तुमच्या तोंडून नाव सांगा, मी तिथल्या तिथे नोंद करतो. मला काय, मी कायद्यानं चालणारा माणूस." आणि मग जरा खालच्या आवाजात, समजावल्यासारखं, "कशाला हट्ट धरता? चार दिवसांत झडतीचं वेड आपोआप उतरेल. घरातलं घरात ठेवावं."

"रुमाल घरात नाही सोडला त्यांनी," बुरुल म्हणाली.

बाहेर एम्मा वाट बघत उभी होती. ऐकून ती जमिनीवर थुंकली. मी तुझ्या जागी असते तर त्याचं नाव फाटकावर रंगवलं असतं, असं ती म्हणाली. बुरुलनं तिला सुनावलं, की तुला दीर नाहीत म्हणून तुझी जीभ एवढी मोकळी.

"एक होता," एम्मा म्हणाली. "मी पाना घेऊन मागे लागले तेव्हा सुधारला."

दोघी हसल्या, पण बुरुलचं हसणं अर्ध्यात थांबलं. नाव नुसतं थोरल्यांचं नव्हतं. हजेरीत घेतात तसं पुरं घ्यायचं म्हटलं तर आधी आडनाव येणार, आणि आडनाव म्हणजे सासऱ्यांचं नाव. सासरे तिला फार जीव लावायचे. ते गेले तरी त्यांचं नाव तिच्या जिभेवर कधी आलं नव्हतं. मनातल्या मनात म्हणून बघितलं तरी ती पहिल्याच अक्षराशी थांबत होती.

नवरा तेव्हा ट्रक घेऊन वरच्या कुरणांत होता. रविवारी लोकर उतरवायला आला तेव्हा तिनं त्याला सगळं सांगितलं. तो चाकाला टेकून बसला. मग म्हणाला, की थोरल्यांनी मला लहानाचा मोठा केला, मी काय बोलणार त्यांच्यापुढे.

"तुम्ही बोलू नका," ती म्हणाली. "तुम्हाला सवय नाही. मीच बोलते."

जाताना तो वरून आणलेल्या ताज्या लोण्याचा सगळ्यांत मोठा गोळा तिच्या हातात ठेवून गेला. त्याच्या परीनं तेच उत्तर होतं.

बातमी थोरल्यांपर्यंत गेलीच. समिती बसायच्या आदल्या दिवशी, ऊन कलताना, ते आईला भेटायला आले. ते वेगळे राहत; आईजवळ राहायचं ते धाकट्यानं, म्हणजे बुरुलच्या घरानं. ते मानाच्या जागेवर, दारासमोरच्या भिंतीशी गादीवर बसले. आईच्या गुडघ्याची चौकशी केली. गाय किती दूध देते विचारलं. बुरुल दाराकडच्या बाजूला, चहाच्या सामोवारजवळ, खाली मान घालून बसली होती. थोरले आईकडे बघत बोलले, पण ते कुणासाठी ते तिघांनाही कळत होतं.

"आई, तुझ्या सुनेला सांग. मी नियम सगळ्यांना सारखा लावला. परक्याच्या बायकांचे रुमाल सोडायचे आणि आपलीचा राखायचा, असा मी माणूस नाही. यात अपमान कसला? उलट तिला अभिमान वाटायला हवा. आणि उद्या हॉलमध्ये ती उभी राहणार, आणि तोंडातून अक्षर फुटणार नाही, आणि सगळा कारखाना आपल्या घराला हसणार. मला तिचीच काळजी वाटते."

सासूबाई साय काढत होत्या.

बुरुलनं प्याला उचलला. पाहुण्याला चहा देताना प्याला कधी भरत नाहीत. तळाला जेमतेम घोटभर घालायचा, तो संपला की पुन्हा घोटभर, पुन्हा घोटभर. म्हणजे बसा, आम्हाला घाई नाही, तुम्हाला पुन्हा पुन्हा वाढण्यात आम्हाला आनंद आहे. काठोकाठ भरलेला प्याला पुढे आला तर त्याचा अर्थ एकच, प्या आणि उठा. चार वर्षांच्या पोरालाही तो कळतो.

तिनं चहा ओतायला सुरुवात केली आणि थांबली नाही. तळ झाकला गेला, निम्मा प्याला भरला, नक्षी बुडाली, चहा काठाला लागला आणि वर फुगून थरथरत राहिला. एकही थेंब सांडू न देता तिनं तो दोन्ही हातांनी, रीतीप्रमाणे मान लववून, थोरल्यांसमोर ठेवला.

सायीवरचा चमचा थांबला. थोरल्यांच्या मानेवर लाली चढली. त्यांनी प्याल्याला हात लावला नाही. टोपी उचलली, आईच्या कपाळाला ओठ टेकवले आणि निघून गेले. दाराशी खुंटीवरचा कोट त्यांच्या खांद्याला घासला.

बुरुल सासूबाईंच्या बोलण्याची वाट बघत राहिली. आता ओरडतील, आता घराबाहेर काढतील असं वाटत होतं. सासूबाईंनी तो भरलेला प्याला आपल्याकडे ओढला, खाली वाकून वरचा घोट तसाच ओठांनी ओढून घेतला, आणि मग म्हणाल्या, की चहा चांगला झालाय.

प्याला निम्मा झाल्यावर त्या सांगायला लागल्या. तुझे सासरे आजारी पडले तेव्हा त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात नेलं. मी मागाहून पोचले. खिडकीतल्या मुलीनं विचारलं, रुग्णाचं नाव काय? मी म्हटलं, आमच्या घरचे. ती म्हणाली, आजी, सगळेच कुणाच्या ना कुणाच्या घरचे. मी म्हटलं, उंच आहेत, डाव्या भुवईवर खूण आहे. मागे रांग लागली होती, लोक कुरकुरत होते. नाव माझ्या दातांपर्यंत आलं आणि तिथेच राहिलं. मग मी एकेका खोलीत शिरले आणि एकेका खाटेवर वाकून बघितलं. परक्या पुरुषांची तोंडं बघत हिंडले, पोरी. तीसुद्धा रीत नव्हतीच. ते सापडले तेव्हा नर्स चादर तोंडावर ओढत होती.

बुरुलनं सामोवारचा नळ उगाचच घट्ट केला.

"हे तू पहिल्यांदाच ऐकतेस," सासूबाई म्हणाल्या. "मी कुणाला सांगितलं नाही. लोकांनी तर माझी वाहवा केली, एवढ्या प्रसंगात बाईनं नाव घेतलं नाही म्हणून." त्यांनी प्याला खाली ठेवला. "तरीपण तुझ्या तोंडून मला ते नाव ऐकायचं नाही. माझ्या या कानांना ते सोसायचं नाही. मी उद्या येणार नाही."

"बरं, आई."

"आणि गाठ मागे बांधत जा. पुढची गाठ कुणीही सोडतो."

सकाळी त्यांनी पेटीतून नवा पांढरा रुमाल काढला. बुरुलला जमिनीवर बसवलं आणि लग्नाच्या दिवशी बांधला होता तसा स्वतःच्या हातांनी बांधला. गाठ मागे घेतली आणि इतकी ओढली की बुरुलच्या भुवया वर गेल्या.

समिती पाळी संपल्यावर हॉलमध्ये बसली. लाल कापड घातलेलं टेबल, त्यामागे जापार आणि दोघे सभासद, पाण्याची सुरई. थोरले पहिल्या रांगेत, छातीवर लष्करातलं पदक लावून. तक्रार ज्याच्याविरुद्ध असेल त्यानं समोर असावं असा नियम, आणि हा नियम जापारला फार आवडला होता. हॉलमध्ये एवढेच लोक असतील असं त्याला वाटलं होतं. पण पिंजण विभागातल्या बायका घरी गेल्याच नव्हत्या. त्या येऊन मागच्या बाकांवर बसल्या. काही जणी पोरांना घेऊन, एक जण तर सूत कातायची टकळी घेऊन. जापारनं विचारलं, तुम्हाला कुणी बोलावलं? झूरा नावाची सगळ्यांत वयस्कर बाई म्हणाली, आम्ही बसायला आलो, घरी बाक नाहीत.

जापारनं घंटा वाजवली. बुरुलला उभं केलं. अमुक दिवशी फाटकाशी काय झालं ते तिनं सांगितलं, एका दमात, आवाज न चढवता. रुमाल कसा सोडला, कुठे पडला, कुणाच्या हुकमानं. हुकमाशी आली आणि थांबली.

"कुणाच्या हुकमानं?" जापारनं पेन उचललं. त्याच्या मिशीखाली हसू हलत होतं. "नाव सांगा, वहिनी. नावाशिवाय पुढे जाता येत नाही."

हॉलमध्ये टकळीसुद्धा थांबली. थोरल्यांनी डोळे मिटले होते. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. घरी मऊ बिछान्यावर पडलेल्या माणसाची निश्चिंती होती. बायकोनं, वहिन्यांनी, भावजयांनी, कुळातल्या एकूणएक सुनांनी इतकी वर्षं विणलेल्या गप्पपणाचा तो बिछाना. त्यावर ते आरामात पहुडले होते.

बुरुलला वाटलं होतं, की या क्षणी सासरे आठवतील आणि जीभ जड होईल. सासरे आठवलेच, पण दवाखान्याच्या खाटेवरचे, आणि त्यांना शोधत एकेका खाटेवर वाकणारी ती म्हातारी. मग तिला चिखल आठवला. आणि तिच्या लक्षात आलं, की रीतीचं एक टोक तिच्या हातात होतं आणि दुसरं थोरल्यांच्या. तिनं नाव झाकायचं, त्यांनी तिचं डोकं झाकलेलं राखायचं. त्यांनी आपलं टोक फाटकापाशी सोडून दिलं होतं. ती अजून आपलं टोक धरून कशाला उभी होती?

ती जापारकडे नाही, थोरल्यांकडे वळली. लग्नानंतर पहिल्यांदाच तिनं त्यांच्या डोळ्यांना डोळे भिडवले. आणि रोज सकाळी भिंतीशी ऐकलेल्या त्याच चालीत, आधी आडनाव, मग नाव, खणखणीत म्हणाली:

"बेक्तेनोव, एसेनकुल."

थोरल्यांचे डोळे उघडले. अंग ताठ झालं, टाचा जुळल्या, आणि ते उभे राहिले.

"हजर," ते म्हणाले.

ते त्यांनी म्हटलं नव्हतं. त्यांच्या आत तोफखान्यात घडलेल्या पोरानं म्हटलं होतं. शब्द तोंडातून गेल्यावर त्यांना कळलं. बसावं तर कसं, उभं राहावं तर का, हेच त्यांना समजेना. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसली. मग सगळाच बाक हलायला लागला. बायका रुमालांचे पदर तोंडात कोंबून हसत होत्या, आणि रडवेली ती तरुण सून सगळ्यांत जास्त हसत होती.

जापारनं घंटा वाजवली, पुन्हा वाजवली. बुरुल त्याच्याकडे वळली आणि म्हणाली, "लिहा. की अजून एकदा घेऊ?"

त्यानं लिहिलं. त्याचा कान लाल झाला होता. तेवढ्यात झूरा उठली. गुडघे धरत धरत टेबलापाशी आली. ती नात्यानं थोरल्यांची चुलतवहिनी, त्यांना लहानपणी चमच्यानं भरवलेली. तिला तर नाव घ्यायला रीतीची अडचणही नव्हती, पण तिनंही आजवर भिडेपोटी घेतलं नव्हतं. माझीही तक्रार लिहा, ती म्हणाली, माझाही रुमाल सोडला. आणि नाव घेतलं. तिच्यामागे दुसरी आली. दुसरीनं डोळे मिटून, गार पाण्यात उडी मारावी तसं घेतलं. तिसरी अडखळली, तिला मागून बायकांनी सांगितलं, आडनावापासून धर, सोपं जातं. रडणारी सून पुढे आली तेव्हा तिला नाव इतकं आवडलं होतं की तिनं ते दोनदा घेतलं.

थोरले उभेच होते. शेवटच्या बाईपर्यंत ते नाव इतक्या तोंडांतून गेलं, की त्यात काही भारी उरलं नाही. गल्लीतल्या कुठल्याही एसेनकुलचं असावं तसं ते नाव झालं.

एम्मा दाराशी हातात पाना घेऊन उभी होती. मी यंत्रं दुरुस्त करायला आले होते, असं तिनं नंतर सांगितलं. हॉलमध्ये एकही यंत्र नव्हतं.

एवढ्या तक्रारी नोंदल्या गेल्यावर त्या दडपणं जापारच्या आवाक्यातलं राहिलं नाही. कागद वर जिल्ह्याला गेले. रुमालांची झडती बंद झाली. थोरल्यांना लेखी ताकीद मिळाली. त्यांची जागा मात्र गेली नाही, आणि गोदामातला माल कुठे गेला तेही कधी कुणी विचारलं नाही. फाटकावरचा फलक एका सकाळी उतरवलेला दिसला. भिंतीवर त्याच्या आकाराची फिकट चौकट कितीतरी वर्षं राहिली. हजेरी चालूच होती, पण आता थोरले नावं भराभर वाचत आणि कुणी पुटपुटली तरी पुन्हा म्हणायला लावत नसत.

गल्लीत बरंच काही बोललं गेलं. पाणी भरायला गेलं की दोनचार म्हाताऱ्या बुरुलकडे पाठ करायच्या. एका लग्नात तिला मांसाचा तुकडा तिच्या मानाप्रमाणे मिळाला नाही. तिनं जो मिळाला तो चवीनं खाल्ला आणि हाड साफ करून ताटात ठेवलं. सासूबाईंनी हॉलमधलं काहीही कधी विचारलं नाही. एकदाच, लोकर विंचरताना म्हणाल्या, की तो उभा राहिला म्हणे. बुरुल म्हणाली, हो. सासूबाईंच्या खांद्याला हुंदका आल्यासारखा हिसका बसला. बुरुल घाबरून वाकली तर त्या हसत होत्या.

पहिला बर्फ पडला त्या दिवशी थोरले आले. त्या भरलेल्या प्याल्यानंतर पहिल्यांदाच. दाराशी त्यांनी बूट झटकले, खुंटीवरच्या कोटाकडे बघितलं, आणि मानाच्या जागेकडे न जाता सामोवारजवळच बसले. आईच्या गुडघ्याची चौकशी झाली. मग त्यांनी, आईकडे न वळता, थेट धाकटीला विचारलं.

"आता मला काय म्हणणार तू?"

"बघू," बुरुल म्हणाली. "ते तुमच्यावर आहे."

तिनं प्याला घेतला आणि चहा ओतायला लागली. थोरले तोटीकडे बघत होते. तळ झाकला. तिनं ओतणं चालू ठेवलं. नक्षीचं पहिलं पान बुडालं, दुसरं बुडालं, आणि निम्म्याच्या जरा वर आल्यावर तिनं नळ बंद केला. तळाशी घोटभर नव्हता आणि काठोकाठही नव्हता. असा प्याला त्या मुलखात कुणी कुणाला दिला नव्हता, आणि तो आल्यावर बसायचं की उठायचं हे थोरल्यांना कळेना. ते प्याला हातात धरून राहिले, एकदा आईकडे बघत, एकदा दाराकडे.

"प्या," बुरुल म्हणाली. "गार होतोय."